ऑनलाइन फँटसी गेममधली लढाई: वेग नेमका कशात असतो?

तिसरा_प्रहर (धागाकर्ता)

नवा एमएमओ (असंख्य लोक एकाच जगात ऑनलाइन खेळतात तसा गेम) यायचा झाला की चर्चा फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते: लढाई फास्ट आहे की स्लो? मग कोणीतरी ग्लोबल कूलडाउनचा (पुढे जीसीडी म्हणतो) आकडा काढतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मुळात १.५ सेकंद, फायनल फँटसी १४ मध्ये २.५, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये साधारण १. आकडे मांडले की निकाल लागला असं धरून सगळे आपापल्या बाजूला जाऊन बसतात.

मला हे मोजमापच पटत नाही. एक बटण दाबल्यावर दुसरं किती वेळाने दाबता येतं, एवढंच जीसीडी सांगतो. ते दुसरं बटण मी त्या क्षणी ठरवलं की ते आधीपासून ठरलेलंच होतं, हे त्यातून कळत नाही. आणि लढाई अंगावर येते की बोटांतून नुसती वाहून जाते, ते सगळं यावर अवलंबून आहे.

जुन्या वॉरक्राफ्टमधला (२००४ चा, किंवा २०१९ पासून क्लासिक म्हणून परत आला तो) रोग (rogue) क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, घ्या, लपूनछपून खंजीर चालवणारा. एनर्जी (स्किलांवर खर्च होणारी शक्ती) कमाल १००, दर दोन सेकंदांच्या टिकला (गेमच्या ठोक्याला) २० परत मिळते. सिनिस्टर स्ट्राइक या मुख्य वाराला, खर्च कमी करणारं टॅलेंट न घेता, ४५ लागते. म्हणजे सुरुवातीचा साठा संपला की सरासरी साडेचार सेकंदांना एक वार. कागदावर हे फारच संथ आहे.

पण समोरचा शत्रू स्वतःला हील करणारा (जीव परत भरणारा) असेल तर? त्याची कास्ट (चालू असलेला मंत्र) मध्येच तोडायला किक हवी आणि किकला २५ एनर्जी लागते. आता एनर्जी ४५ वर आली आहे. वार केला तर शून्य. पुढच्या टिकला २०, म्हणजे किकला पाच कमी. त्याच्या पुढच्या टिकपर्यंत हात बांधलेले. त्याने नेमकी तेव्हाच हील सुरू केली तर एवढा वेळ घालवलेले वार पाण्यात. वार रोखून धरला आणि त्याने कास्ट केलीच नाही, तर एनर्जी वर जाऊन साचणार. त्यातून वारांनी जमणारे कॉम्बो पॉइंट पाच झाले असतील तर ते किडनी शॉटमध्ये घालून त्याला थेट स्टन (काही क्षण सुन्न) करायचं का, हा आणखी एक रस्ता. साडेचार सेकंदांत एक वार, पण त्या साडेचार सेकंदांत डोकं एक क्षण मोकळं नसतं.

आजच्या वॉरक्राफ्टमध्ये किकला एनर्जी लागत नाही. १५ सेकंदांचा कूलडाउन (परत वापरता येईपर्यंतचा वेळ) आहे, कास्ट दिसली की दाबायचं. वार पूर्वीपेक्षा कितीतरी भराभर पडतात. आजच्या रोगपुढे वेगळे प्रश्न आहेत, ते मी नाकारत नाही. पण एनर्जी राखून ठेवण्याचा तो प्रश्न गेला, आणि वेग वाढल्याने त्याची जागा भरून निघाली नाही.

तुमच्या खेळात असा कुठला क्लास आहे, जिथे पुढचं बटण खरोखर तुम्ही ठरवता? मोघम नको, नेमका प्रसंग लिहा.

---

काजवा

अनुमोदन. हीलरच्या बाजूने भर घालते.

फायनल फँटसी १४ मधला व्हाइट मेज (हीलर) हा माझा मुख्य जॉब, म्हणजे क्लास. २.५ सेकंद ऐकून लोक जांभया देतात, पण त्या अडीच सेकंदांत काय चालतं ते पाहा. ग्लेअर ३ या हल्ल्याच्या मंत्राची कास्ट १.५ सेकंदांची. ती संपली की पुढच्या जीसीडीपर्यंत १ सेकंद उरतो. त्यात जीसीडीबाहेरचं एक स्किल नीट बसतं. दोन कोंबायला गेलात तर अ‍ॅनिमेशनचा लॉक (स्किलची हालचाल संपेपर्यंतची थांबणी) आडवा येतो आणि पुढची ग्लेअर उशिरा सुटते. शिवाय कास्टच्या शेवटच्या साधारण अर्ध्या सेकंदात पाय हलवले तरी कास्ट तुटत नाही. म्हणजे दर अडीच सेकंदांत साधारण एक सेकंद उभं राहायचं आणि दीड सेकंद पळायची मुभा. हा ठेका एकदा अंगात भिनला की जमिनीवरच्या प्रत्येक खुणेकडे आपण त्याच मापाने बघायला लागतो.

आता बॉसने टँकवर (पार्टीसाठी फटके अंगावर घेणाऱ्यावर) मोठा फटका मारायची कास्ट सुरू केली. टँक निम्म्यावर आहे. टेट्राग्रॅमॅटन, म्हणजे एका जणाची झटपट हील, वापरू? बेनेडिक्शन पूर्ण जीव भरतं, पण ते १८० सेकंद परत येणार नाही, आणि बॉसचा पुढचा टप्पा मला माहीत आहे. लिली (खास हीलसाठी खर्च होणारं फूल) दर २० सेकंदांना एक मिळते आणि तीनच साठतात. तिसरी भरत आली असेल तर एक खर्च करायलाच हवी, नाहीतर पुढची वाया. लिली वापरली तर ग्लेअर एक कमी, पण तीन लिली खर्च झाल्या की अफ्लेटस मिझरी हा मोठा हल्ला मिळतो, तेव्हा नुकसान भरून निघतं. हे सगळं ठरवायला कास्टबार भरेपर्यंतचाच वेळ असतो. २.५ सेकंदांचा जीसीडी मला इथे कधीच हळू वाटला नाही, उलट कमी पडतो.

पण हाच क्लास साध्या डंजनमध्ये (छोट्या गटाच्या मोहिमेत) नेला की यातलं काहीही लागत नाही. टँक स्वतःच बराचसा टिकून राहतो, मी ग्लेअर, ग्लेअर, ग्लेअर. बटणं तीच, जीसीडी तोच, आणि ठरवण्यासारखं काहीच नाही. म्हणून माझं म्हणणं असं की एकट्या क्लासवर दोष टाकून भागणार नाही. समोरची लढाई काही मागत नसेल तर चांगलं स्किलही नुसतं आयकॉन होऊन बसतं. बहुतेक लोक गेमचा बहुतेक वेळ अशाच सोप्या मजकुरात घालवतात, त्यामुळे क्लास कंटाळवाणा आहे असा त्यांचा ग्रह होतो. मला हे पाहून खरंच वाईट वाटतं, कारण क्लासमध्ये खूप काही आहे.

---

रानवारा

तिसरा_प्रहर, लेख आवडला, पण स्लो गेमांची बाजू तुम्ही जरा जास्तच घेतली आहे.

थांबणं वेगळं आणि विचार करणं वेगळं. फायनल फँटसीत सुरुवातीच्या लेव्हलला हातात तीन-चार बटणं असतात आणि प्रत्येकीमागे अडीच सेकंद. तिथे कसला निर्णय? नुसती वाट बघायची. काजवा म्हणतात तो ठेका कळायला खूप पुढे जावं लागतं, आणि तोवर कितीतरी लोक गेम सोडून गेलेले असतात. माझे मित्र असेच गेले.

माझा गेम गिल्ड वॉर्स २. २०१२ पासून आहे आणि लढाईचा त्यांचा विचार मला अजून ताजा वाटतो. एंड्युरन्स (दम) १००, एका डॉजला (फटका चुकवणाऱ्या उडीला) ५०, सेकंदाला ५ भरतं. म्हणजे खिशात दोन डॉज आणि नंतर दहा सेकंदांना एक. डॉज पाऊण सेकंद वाचवतो, तेवढाच. आता बॉस तीन फटके लागोपाठ मारणार हे माहीत असेल, तर कोणते दोन चुकवायचे आणि कोणता अंगावर घ्यायचा? हा निर्णय अर्ध्या सेकंदात होतो. वेगही आहे आणि निवडही आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

वर पहिली पाच स्किलं हातातल्या शस्त्रावरून येतात. एलिमेंटलिस्टला लढाईत शस्त्र बदलता येत नाही, पण चार तत्त्वांमध्ये फिरता येतं, म्हणजे शस्त्राचीच वीस स्किलं. अग्नीतून जलात गेलं की काही सेकंद अग्नीकडे परतता येत नाही. हील हवी म्हणून जलात गेलात आणि तेवढ्यात शत्रू जळायच्या अवस्थेत सापडला, तर संधी हुकली. हा खराखुरा भरधाव क्लास आहे आणि त्यात दर दोन सेकंदांना काहीतरी गमवावं लागतं. तुमच्या कसोटीवर तो शंभर टक्के उतरतो.

---

तिसरा_प्रहर

रानवारा, एलिमेंटलिस्टचं उदाहरण फार चांगलं दिलंत. स्लोची वकिली करायचा माझा हेतू नाही. डॉजचं एंड्युरन्स आणि जुन्या रोगची एनर्जी हे खरं तर एकच आहे: आता खर्च केलं तर नंतर नसेल. ते आहे तोवर जीसीडी अर्धा सेकंद असो की अडीच.

सुरुवातीच्या लेव्हलबद्दल तुमचं म्हणणं मान्य. त्यावर कुठल्याच एमएमओने समाधानकारक उत्तर काढलेलं मला दिसत नाही.

---

ढालकरीण

टँकचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

क्लासिक वॉरक्राफ्टमध्ये बॉस माझ्यावर टिकवणं हेच मुळात काम होतं. जवळून मारणाऱ्याने माझ्या थ्रेटच्या (बॉसचा राग किती ओढला त्याचा हिशेब) ११० टक्के ओलांडले, किंवा लांबून मारणाऱ्याने १३० टक्के, की बॉस त्याच्याकडे वळला. त्यामुळे लढाईचा वेग मी ठरवायचे. मी सनडर आर्मर (थ्रेट वाढवणारा वार) लावत असताना मेजने हात आवरायचा, आणि माझा रेज (माझ्या स्किलांना लागणारी शक्ती) कमी पडला तर सगळ्यांनी थांबायचं. आख्खी पार्टी माझ्या श्वासाबरोबर पुढे सरकायची. जबाबदारी होती, पण मजाही तेवढीच.

पुढे बहुतेक गेमांनी टँकचा थ्रेट इतका वाढवला की अ‍ॅग्रो (बॉसचं लक्ष) सुटायचा प्रश्नच राहिला नाही. त्यामागचं कारण समजतं, डीपीएसला (नुकसान करणाऱ्या खेळाडूंना) हात बांधून खेळायला आवडत नाही. पण टँकच्या हातातलं घड्याळ तेव्हा काढून घेतलं गेलं आणि बॉसच्या कास्टबारला दिलं गेलं. आता मी बॉसच्या वेळापत्रकाप्रमाणे बचावाचे कूलडाउन लावते.

त्यातही निर्णय उरतात, नाही असं नाही. फायनल फँटसीतल्या पॅलाडिनचं हॅलोड ग्राउंड दहा सेकंद जवळजवळ अजिंक्य करतं, पण कूलडाउन ४२० सेकंद. वॉरियरचं होल्मगँग मरू देत नाही, पण जीव खाली जाऊ देतं, मग हीलरला धावावं लागतं; बदल्यात ते २४० सेकंदांत परत येतं. सात मिनिटांचं आणि चार मिनिटांचं स्किल यांत नुसता आकड्याचा फरक नाही. आठ-दहा मिनिटांच्या लढाईत पॅलाडिन ते फार तर दोनदा वापरणार, तेही पहिलं लवकर लावलं तर. म्हणून हीलरशी आधी बोलावं लागतं: हा फटका माझ्याकडे सोड, तो तू सांभाळ. हे बोलणं मला टँकिंगमध्ये सर्वांत जास्त आवडतं, आणि ते कुठल्याही जीसीडीत बसत नाही.

---

काजवा

ढालकरीण, अगदी! हीलर म्हणून सांगते, जो टँक आधी बोलतो त्याच्यासाठी मी बेनेडिक्शन हसत हसत राखून ठेवते.

---

दोन_टिक

इथे ओल्ड स्कूल रुनस्केपचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. आख्खा गेम ०.६ सेकंदाच्या टिकवर चालतो. अबिसल व्हिप चार टिकला एकदा चालतो, म्हणजे २.४ सेकंद. मुख्य वार आपोआप होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, हा माणूस क्लिक करून झोपला आहे.

फाइट केव्हजमध्ये ६३ वेव्ह (शत्रूंच्या लाटा) आहेत आणि शेवटी जाड (Jad) नावाचा बॉस येतो. त्याचा फटका ९७ पर्यंत जातो, आणि आपला जीव जास्तीत जास्त ९९. पुढचे पाय वर घेऊन मागे रेलला की जादू येणार, पाय जमिनीवर आपटले की लांबून मारा येणार. जादूसाठी वेगळी प्रेअर (बचावाची प्रार्थना), लांबच्या माऱ्यासाठी वेगळी. बरोबर लावली तर नुकसान शून्य, चुकली तर बहुधा खेळ खलास. आणि जाड काही घाईत नसतो, दोन हल्ल्यांमध्ये चांगले काही सेकंद जातात. तरीही पहिल्यांदा समोर उभं राहिलेल्याचे हात थरथरतात, कारण तासाभराच्या वेव्ह पणाला लागलेल्या असतात. एकच बटण, दोनच पर्याय. बटणं कमी म्हणजे लढाई सोपी असं म्हणणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावं.

आणि याचा इतिहासही बघा. नोव्हेंबर २०१२ मध्ये रुनस्केपमध्ये इव्होल्यूशन ऑफ कॉम्बॅट आलं. अ‍ॅबिलिटी बार, अ‍ॅड्रेनलिन, कूलडाउन, म्हणजे बाकीच्या एमएमओसारखं सगळं. खेळाडूंचा विरोध एवढा झाला की मतदान घेऊन फेब्रुवारी २०१३ मध्ये २००७ च्या बॅकअपवरून ओल्ड स्कूल सुरू करावा लागला. नवी पद्धत वाईट होती असं मी म्हणणार नाही, आजच्या रुनस्केपमध्ये ती शिकून घेतलेले फार उत्तम खेळतात. पण लोकांना त्या ०.६ च्या टिकमध्ये स्वतःची लय सापडलेली होती, आणि ती एका पॅचमध्ये बदलली गेली. स्किलं वाढवली म्हणजे खोली वाढली, हे गणित खेळाडूंनी मान्य केलं नाही.

---

सावळागोंधळ

पिंगबद्दल (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेबद्दल) कोणी बोलेल का? डेव्हलपरच्या देशापासून लांब बसून खेळणाऱ्यांना यातलं निम्मं लागूच होत नाही. फायनल फँटसीत दोन जीसीडींच्या मध्ये दोन स्किलं विणायची तर पिंग जास्त असताना पुढचा जीसीडी सरकतोच. वॉरक्राफ्टमध्ये स्पेल क्यू मूळ सेटिंगला ४०० मिलिसेकंद असतो, म्हणजे जीसीडी संपायच्या आधीच पुढचं बटण दाबून ठेवता येतं, त्यामुळे तिथे लांबचा माणूस फारसा मागे पडत नाही. लढाईचा वेग ठरवताना ही सोय आधी बघावी असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊण सेकंदाचा डॉज २५० मिलिसेकंदांच्या पिंगवर वेळेत पाडणं हा वेगळाच खेळ होतो.

---

तिसरा_प्रहर

सावळागोंधळ, हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. फायनल फँटसीत त्यातल्या त्यात एक दिलासा: जमिनीवरच्या बहुतेक हल्ल्यांत कास्टबार भरला त्या क्षणी आपण कुठे होतो तेच धरलं जातं. स्फोटाचं चित्र नंतर येतं, तेव्हा आपण परत आत उभे असलो तरी चालतं. नव्या माणसाला हे विचित्र दिसतं, पण लांबून खेळणाऱ्याला कास्टबार वाचून आधीच निघता येतं.

आता मला खरं खुपतं त्याबद्दल. गेली काही वर्षं क्लास सोपे करण्याची लाट आहे. वॉरक्राफ्टमध्ये २०१४ आणि २०१६ च्या एक्स्पान्शनमध्ये (गेमच्या मोठ्या विस्तारांत) स्किलं छाटली. २०१८ मध्ये बॅटल फॉर अ‍ॅझेरॉथला जीसीडीबाहेरचे बरेच आक्रमक कूलडाउन जीसीडीवर आणले, म्हणजे मोठ्या हल्ल्याची तयारी करताना दोन-तीन जीसीडी नुसते बटणं पेटवण्यात जायचे. ते लोकांना इतकं बोचलं की पुढच्या एक्स्पान्शनमध्ये त्यातले कित्येक मागे घेतले आणि छाटलेली काही स्किलंही परत आली. २०२५ मध्ये तर पुढचं बटण गेमच सुचवेल, किंवा एकच बटण दाबत राहिलात तरी रोटेशन (स्किलांचा ठरलेला क्रम) चालेल, अशी सोय आली. एकच बटण वापरलं तर जीसीडी थोडा वाढतो. ज्यांच्या हाताला त्रास आहे त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे आणि ती राहिलीच पाहिजे. पण एखाद्या क्लासचं रोटेशन मशीनला इतकं सहज चालवता येत असेल, तर त्यात माणसाने ठरवायचं काय ठेवलं आहे, हे डिझायनरने स्वतःला विचारायला हवं.

फायनल फँटसीतही तेच. २०२२ मध्ये सामुराईचं काइतेन काढलं. ते पुढच्या एका वारापुरती ताकद वाढवायचं आणि त्यासाठी केनकी (सामुराईची साठवलेली शक्ती) खर्च व्हायची. बघायला गेलं तर एक छोटं बटण. पण केनकी काइतेनसाठी राखायची की शिंतेन या वारावर उडवायची, हा हिशेब आख्खी लढाईभर डोक्यात चालू असायचा. आणि २०२५ मध्ये ब्लॅक मेजच्या अग्नी-हिम अवस्थेची मुदत काढून टाकली. ती मुदत म्हणजेच ब्लॅक मेज होता! कास्ट लांब, घड्याळ चालू, बॉस जागेवर उभं राहू देत नाही, आणि तरीही आग विझू द्यायची नाही. आता तो खेळायला सुखाचा झाला आहे, नवे लोकही आले आहेत. पण जे वर्षानुवर्षं फक्त त्या घड्याळासाठी तो क्लास खेळत होते, त्यांना जायला दुसरी जागा नाही. माझी तक्रार एवढीच आहे. वीसहून जास्त जॉब असलेल्या गेममध्ये एक-दोन अवघड राहू द्यायला काय हरकत होती?

---

रानवारा

याला मात्र पूर्ण सहमत. सोपे क्लास असावेत, भरपूर असावेत. सगळे सोपे नसावेत.

---

पडघम

रेडमध्ये (मोठ्या गटाच्या लढायांत) डीपीएस खेळतो. एक गोष्ट राहून गेली: सगळ्यांचे बफ (काही वेळ ताकद वाढवणारी स्किलं) एकाच वेळी येणं. २०२१ च्या एंडवॉकरपासून फायनल फँटसीत पार्टीचे जवळजवळ सगळे बफ १२० सेकंदांवर आणले. त्यामुळे दर दोन मिनिटांना सगळे जॉब एकदम तुटून पडतात आणि मधला वेळ साठवण्यात जातो. पहिल्यांदा ते फार भारी वाटतं, आठ जणांचे आयकॉन एकाच क्षणी पेटतात. पण यामुळे सामुराई असो, निंजा असो की बार्ड, आतून सगळ्यांचा ठेका एकच झाला. पूर्वी ९० सेकंदांचे, १८० सेकंदांचे बफ असायचे, ते आपसात कधी जुळायचे कधी नाही, आणि बॉस मरायच्या आत ते आणखी एकदा येईल का याचा हिशेब करून एखादा बफ धरून ठेवावा लागायचा.

वॉरक्राफ्टचा ब्लडलस्ट त्या बाबतीत अजून टिकून आहे. ३० टक्के हेस्ट (वेग), ४० सेकंद, आणि नंतर दहा मिनिटं परत घेता येत नाही. सुरुवातीलाच उडवायचा की बॉसच्या शेवटच्या टप्प्यासाठी ठेवायचा, यावर प्रत्येक गिल्डमध्ये (खेळाडूंच्या संघात) वाद होतात. एका बटणावर पंचवीस माणसांचा वाद व्हावा यातच त्याचं यश आहे.

---

नवीन_पान

सगळं वाचलं, बरंचसं कळलं. मी एमएमओ कधी खेळले नाही. बोटं फार जलद चालत नाहीत, पण डोकं लावायला आवडतं. कुठून सुरुवात करू? लढाईत मला काहीतरी ठरवायला मिळालं पाहिजे, एवढीच अट.

---

ढालकरीण

नवीन_पान, टँक घ्या, घाबरू नका. फायनल फँटसीतला वॉरियर चुका पोटात घालतो, आणि डंजनमध्ये किती शत्रू एकदम ओढायचे हे पहिल्या दिवसापासून तुम्हीच ठरवता. दोन गट एकत्र ओढायचे असतील तर आधी चॅटमध्ये हीलरला विचारा, रॅम्पार्ट (बचावाचं स्किल) पहिल्या गटाला लावा, आणि जीव निम्म्यावर आला तरी मागे पळू नका. मागे पळालात की शत्रू पांगतात आणि हीलरची हील रेंजबाहेर जाते. मोफत ट्रायलमध्ये एवढं सगळं करून बघता येतं.

---

काजवा

आणि हीलर हवा असेल तर सांगा, पहिल्या डंजनला मी येते.